कॉर्न स्नेकने गिळलेला उंदीर तिसऱ्या दिवशी बाहेर टाकला, आता पुढचं खाणं कधी आणि किती?

खारघर_नवखा
६ ऑगस्ट, सकाळी ९:१०

मंडळी, घाईत विचारतोय, पण माहिती सगळी देतो म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

साप कॉर्न स्नेक, पाच महिन्यांचा, विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार नर. घरी येऊन चार आठवडे झाले. वजन ३२ ग्रॅम, किचनच्या डिजिटल काट्यावर. टब प्लॅस्टिकचा, ६० सेंमी लांब. तळाला तीन बोटं कोकोपीट, एका टोकाला टबाखाली हीट मॅट, त्या बाजूला लपायला करवंटी, दुसऱ्या टोकाला पाण्याची वाटी. मॅट थेट बोर्डात लावलेली आहे, दिवसरात्र चालू. टबाच्या भिंतीला चिकटवलेला गोल थर्मामीटर २७ दाखवतो. टब बेडरूममध्ये जमिनीवर आहे, रात्री एसी असतो.

खाणं: १३ जुलैला एक फझी (बारीक लव आलेलं, गोठवलेलं उंदराचं पिल्लू) मिनिटभरात गिळली. २० जुलैला नको म्हणाला, डोळे दुधाळ दिसत होते. २७ जुलैला परत नको. ३० जुलैला कात टाकली, अख्खी. ३ ऑगस्टला हॉपर (फझीच्या पुढचं, उड्या मारायच्या वयाचं पिल्लू) दिला, ९ ग्रॅमचा. दोन खाडे झाले होते म्हणून मुद्दाम जरा मोठा घेतला. लगेच गिळला. काल संध्याकाळी पाहुणे आले होते म्हणून दहा मिनिटं हातात घेतला. आज सकाळी उंदीर बाहेर, अर्धवट विरघळलेला, केस सुटलेले, आणि वास असा की सगळ्या खिडक्या उघडल्या.

साप आता पाण्याच्या वाटीमागे वेटोळं करून बसलाय. तसा तो दिवसभर तिथेच असतो, करवंटीकडे फारसा फिरकत नाही.

परत खायला कधी द्यायचं? हा आजार आहे का? आणि मधल्या दिवसांत ताकदीसाठी काही देता येतं का? नागपंचमी तोंडावर आली आहे, घरात वाटीभर दूध ठेवायचं घाटतंय.

---

कातीचा_हिशेब
६ ऑगस्ट, सकाळी १०:०५

आधी एवढंच पक्कं करा: आज काही द्यायचं नाही, उद्याही नाही. पोट रिकामं झालं म्हणून भरायला जाल तर तेही बाहेर येईल. दुसरी उलटी पहिलीपेक्षा वाईट आणि तिसरी या वयाच्या पिल्लाला झेपत नाही. उंदराबरोबर पोटातला पाचक रस जातो, पाणी जातं, आतली सूज येते ती वेगळीच. ते सावरायला किमान १० दिवस लागतात. १४ दिवस थांबलात तरी नुकसान नाही. ३२ ग्रॅमचं पिल्लू पाणी आणि ऊब मिळाली की दोन आठवडे उपाशी सहज काढतं.

पाण्याची वाटी आज गरम पाण्याने घासून धुवा आणि रोज पाणी बदला. दूध अजिबात नको. सापाला दूध पचवता येत नाही. नागपंचमीचा जो साप दूध पिताना दिसतो तो कित्येक दिवस तहानेला ठेवलेला असतो, समोर येईल ते ओलं पितो आणि नंतर त्याचं पोट बिघडतं. घरच्यांना पूजा करायची असेल तर पाटावर चित्र काढून करा, टबापासून लांब.

आता कारण. तुमच्या पोस्टमध्ये एक नाही, तीन सापडतात.

पहिलं, माप. या वयाला एका वेळचं खाणं सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. ३२ ग्रॅमला ते होतं ३ ते ५ ग्रॅम. तुम्ही दिलात ९, म्हणजे २८ टक्के. दोन वेळचं राहिलेलं एकदम वाढायचा हिशेब माणसाच्या पंगतीत चालतो. सापाचा खाडा झाला की पुढचं खाणं नेहमीएवढं किंवा एक नंबर लहान द्यायचं. डोळ्यांनी अंदाज घ्यायचा तर उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार तर दीडपट. कॉर्न स्नेक डोक्याच्या तिप्पट जाडीचंही गिळून दाखवतो, त्याला फसू नका. गिळता येणं वेगळं आणि पचवता येणं वेगळं.

दुसरं, हात. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, मोठं खाणं असेल तर ७२. तुम्ही साधारण ४८ तासांनी उचलला. नेहमीच्या फझीनंतर कदाचित खपून गेलं असतं, या हॉपरनंतर नाही.

तिसऱ्याबद्दल खात्री करायची आहे. साप दिवसभर थंड टोकाला बसतो आणि उबदार करवंटीत जात नाही, हे वाक्य खटकतंय. पोट भरलेला साप उबेला जातो, तो जात नसेल तर त्याला कारण असतं. भिंतीवरचा गोल थर्मामीटर विसरा, तो फक्त त्या भिंतीजवळच्या हवेचं सांगतो. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात वायरवाला डिजिटल थर्मामीटर मिळतो, दीड-दोनशे रुपयांचा. त्याचं टोक तीन ठिकाणी ठेवून प्रत्येकी अर्धा तास थांबा: मॅटच्या वर कोकोपीट बाजूला सारून थेट टबाच्या तळाला, मग तिथेच कोकोपीटच्या वर, आणि शेवटी पाण्याच्या वाटीजवळ. शेवटचं माप एसी दोन तास चालल्यावर घ्या. आकडे इथे टाका.

---

घोडबंदर_९५
६ ऑगस्ट, दुपारी १:३०

याच धाग्यात विचारून घेतो, चालेल ना? पिल्लू कॉर्न स्नेकच आहे, १२ ग्रॅमचं, पिंकी (नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं उंदराचं पिल्लू) घेतच नाही. बोनलेस चिकनची बारीक पट्टी दिली तर? किंवा भिंतीवरची पाल? आणि सोसायटीत पिंजऱ्यात उंदीर सापडतात रोज, ते फुकटात आहेत, पिल्लू मोठं झाल्यावर ते चालतील का?

---

येऊर_पायथा
६ ऑगस्ट, दुपारी २:५०

घोडबंदर, शेवटून सुरू करतो. सोसायटीचे उंदीर अजिबात नाही, लहान नाही, मोठे नाहीत, जिवंत नाहीत, मेलेले नाहीत. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सोसायटीत उंदरांचं औषध टाकलेलं असतं. ब्रोमाडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस धडधाकट फिरतो आणि पिंजऱ्यातही येतो. ते औषध त्याच्या यकृतात असतं, तिथून सापात जातं. शिवाय पावसाळ्यात या उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, तो धोका तुमच्या हाताला आहे.

बोनलेस चिकन म्हणजे नुसतं मांस. सापाला कॅल्शियम हाडांतून मिळतं, जीवनसत्त्वं यकृतातून आणि बाकीच्या अवयवांतून. अख्खा प्राणी गिळणं हाच त्याचा समतोल आहार. पट्ट्यांवर वाढवलेलं पिल्लू काही महिने छान दिसतं आणि मग कणा वाकडा होतो. अपवाद म्हणून एखाद्या वेळी जीव वाचवायला कोणी देईल, सवय म्हणून नाही.

पालीचा प्रश्न मात्र योग्य आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जिथला हा साप आहे, तिथे अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू सरडे आणि छोटे झाडबेडूकच खातं, उंदरांकडे नंतर वळतं. म्हणून काही पिल्लांना पिंकीचा वास खाण्यासारखा वाटतच नाही. पण भिंतीवरची पाल खायला देऊ नका, तिच्यातले जंत सापात जातात, आणि पालीची चटक लागली की रोज रात्री ट्यूबलाइटखाली उभं राहायची वेळ तुमच्यावर येईल. करायचं ते असं: पिंकी कोमट पाण्यात बिनवासाच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा, मग साध्या पाण्याने तीनदा खंगाळा, टिपा. उंदराचा वास गेला की बरीच पिल्लं तेवढ्यावरच घेतात.

तेवढ्याने नाही भागलं तर बंद डब्याची युक्ती. आइस्क्रीमचा अर्धा लिटरचा डबा, झाकणाला सुईने दहाबारा भोकं, आत ओलसर टिश्यू, पिंकी आणि पिल्लू. डबा टबाच्या उबदार आणि थंड टोकाच्या मध्ये ठेवायचा, कधीही मॅटच्या वर नाही. संध्याकाळी ठेवा आणि सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही. झाकण दर तासाला वर करून बघितलं की सगळं मुसळ केरात. अंधार, अरुंद जागा आणि समोर खाणं, बस.

त्यानेही नाही झालं तर पिंकीच्या टाळूला सुईने टोचून आतला थेंब नाकावर यायला द्या. वाचायला किळसवाणं आहे, पण चालतं. प्रत्येक प्रयत्नामध्ये पाच दिवस सोडा. रोज प्रयत्न केला तर पिल्लू पिंकी दिसली की पळायला शिकतं.

---

खारघर_नवखा
६ ऑगस्ट, रात्री ११:२०

कातीचा_हिशेब, आकडे आले.

मॅटच्या वर, टबाच्या तळाला: ४१.६
तिथेच कोकोपीटच्या वर: २७.८
पाण्याच्या वाटीजवळ, एसी २४ वर दोन तास चालल्यावर: २१.९

मॅट खाली एवढी तापते याची कल्पनाच नव्हती. वर हात लावला तर नुसतं कोमट लागतं.

---

कातीचा_हिशेब
७ ऑगस्ट, सकाळी ७:४५

मग उत्तर सापडलंच. मॅट आत्ताच बंद करा, थर्मोस्टॅट येईपर्यंत. आणि सापाचं पोट उलटं करून नीट बघा: लालसर पट्टा, फोड, खवल्यांची कड तपकिरी झालेली असं काही दिसलं तर भाजलंय, डॉक्टरकडे न्या. पोटावरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनांना फसू नका, ती त्याची नेहमीची नक्षी. मक्याच्या कणसातल्या रंगीत दाण्यांसारखी दिसते म्हणूनच तर याला कॉर्न स्नेक म्हणतात, असं एक मत आहे.

काय चाललंय ते बघा. कॉर्न स्नेक उकरून आत शिरणारा साप आहे. उबेला गेला की कोकोपीटमध्ये घुसतो आणि घुसला की तळाला ४१ अंशांवर पोहोचतो. दोनदा चटका बसला की ती बाजू सोडतो. मग उरतं थंड टोक. थंड हवा जड, ती खाली साचते, आणि टब जमिनीवर. म्हणजे एसीचा रिमोट २४ म्हणत असताना साप २२ मध्ये झोपतोय. पोटात ९ ग्रॅमचा हॉपर. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. २२ ला पाचक रस जवळजवळ ढिम्म, उंदीर मात्र आतल्या आत कुजत राहतो. कुजण्याचा वेग पचण्याच्या वेगापुढे गेला की साप तो बाहेर टाकतो. तिसऱ्या दिवशीचा वास त्याचाच होता. आजाराची शक्यता तूर्त बाजूला ठेवा. २० आणि २७ जुलैचे नकार कातीचे होते, त्यात काही वावगं नाही. डोळे दुधाळ झाल्यापासून कात पडेपर्यंत हफ्ता-दोन हफ्ते जातात आणि तेवढ्यात बरेच साप खात नाहीत.

उपाय. हवं ते तापमान: उबदार टोकाला तळाशी २९ ते ३०, थंड टोकाला २४ ते २५, रात्री सगळं मिळून दोनतीन अंश उतरलं तर चालतं. मॅटला थर्मोस्टॅट हवाच. एसटीसी-१००० नावाचं छोटं कंट्रोलर मिळतं, अंडी उबवणारेही तेच वापरतात. त्याच्या मागच्या टोकांपैकी १ आणि २ ला विजेचा पुरवठा, ३ आणि ४ ला सेन्सर, मॅट ५ आणि ६ वरून, तो हीटिंगचा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच). ७ आणि ८ कूलिंगचे, त्यांवर मॅट जोडली तर गरम झाल्यावर चालू होईल, म्हणजे सगळंच उलटं. एफ१ (हवं ते तापमान) ला २९.५, एफ२ (किती अंश फरक पडला की मॅट परत चालू व्हायची) ला ०.५ किंवा १. २२० व्होल्टची उघडी टोकं असतात, डब्यात बसवून घ्या आणि वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करा. सेन्सरचं टोक मॅट आणि टबाच्या मध्ये टेपने पक्कं करा. टबाच्या आत ठेवलं तर साप ते हलवतो, टोक थंड जागी गेलं की कंट्रोलर मॅट तापवतच राहतो. आत तळाला डिजिटल थर्मामीटर वेगळा ठेवा आणि त्याच्या आकड्यावरून एफ१ वर-खाली करा. टबाच्या प्लॅस्टिकमुळे दोन अंशांचा फरक पडतो.

मॅट टबाच्या तळाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी नको. टब जमिनीवरून उचला, टेबलाच्या उंचीवर. एसीच्या झोताबाहेर, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत. कोकोपीट सध्या काढूनच टाका, वर्तमानपत्र किंवा टिश्यू घाला. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत ते सुकतच नाही, बुरशी धरतं. कागदावर शी, उलटी आणि गोचिडीसारखे बारीक काळे माइट्स लगेच दिसतात, हा दुसरा फायदा. दुसरी करवंटी थंड टोकालाही ठेवा, नाहीतर साप लपणं आणि ऊब यांतलं एक निवडतो, आणि बहुतेक वेळा लपणंच निवडतो.

---

येऊर_पायथा
७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

त्यात माझी भर, खाणं परत सुरू होईल तेव्हाची. बरीच गडबड उंदीर बर्फातून काढतानाच होते.

रात्री झिप पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात, म्हणजे हात घालून सुखावह वाटेल एवढ्या गरम, १० मिनिटं. थेट उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरचं शिजतं, पोट फुटतं आणि आत गोळा तसाच राहतो. मायक्रोवेव्ह तर नाहीच. पोट बोटांनी दाबून बघा, आत कडक लागलं तर परत पाण्यात. आत बर्फ राहिलेला उंदीर म्हणजे सापाच्या पोटात बर्फाचा खडा, तोही उलटीचं कारण होतो. बाहेर काढून टिश्यूने कोरडा करा.

एक समज दुरुस्त करतो. उंदीर गरम करायचा तो सापाला उष्णता दिसावी म्हणून, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अजगर, तसेच पिट व्हायपर (घोणसाचे चुलतभाऊ) यांच्या तोंडावर उष्णता टिपणारे खड्डे असतात, कॉर्न स्नेकला ते नसतात. हा जीभ बाहेर काढून वास घेतो आणि हालचाल बघतो. गरम केल्याने वास पसरतो, तेवढाच उपयोग. म्हणून कोमट पुरे, पण वास हवाच. पाण्यात तासभर भिजलेल्या उंदराला वास उरत नाही.

द्यायची वेळ संध्याकाळी सात-आठनंतर, खोलीतला मोठा दिवा बंद. ३० सेंमीचा लांब चिमटा, उंदीर कमरेच्या मागे धरून डोकं सापाकडे, दोन वीत लांबून हळू हलवा. पहिल्यांदा मान ताठ होते, जीभ भराभर आतबाहेर होते, मग एकदम झडप. वेटोळं घातलं की चिमटा सोडा आणि तुम्ही स्तब्ध. तो डोकं शोधेल, मग गिळेल. शेपूट आत गेल्यावर दोन-तीन जांभया देतो, जबडा जागेवर बसवायला. ते बघून लोक घाबरतात, पण ते ठीकच आहे. १५ मिनिटांत घेतला नाही तर टिश्यूवर करवंटीच्या तोंडाशी ठेवून निघून जा. सकाळपर्यंत राहिला तर टाकून द्या, परत फ्रीजरमध्ये नाही.

फ्रीजर उणे १८ ला असेल तर पाकिटातले उंदीर सहा महिने बरे राहतात. रात्रभर लाइट गेली होती आणि पाकीट मऊ लागतंय तर सरळ फेका. पोटावर हिरवट डाग दिसला किंवा कातडी बोटाला निघून आली तर आधीच सडलेलं आहे. कुरिअरने मागवता तेव्हा पार्सल दारात उघडून बघा, पावसात एक दिवस उशीर झाला की थर्मोकोलच्या डब्यातही बर्फ उरत नाही. आणि घरच्यांच्या समाधानासाठी झाकणाचा वेगळा स्टीलचा डबा ठेवा, मटाराच्या शेजारी उघडी पिशवी नको. हात साबणाने, सिंक धुऊन, आणि पाच वर्षांखालची मुलं या कामात नाहीत, साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतू) याच हातांवरून पसरतो.

कोणीतरी सांगेल की खायला वेगळ्या डब्यात घाला, नाहीतर टबात हात घातला की चावेल. मला ते पटत नाही. पोट भरल्यावर त्याला उचलून परत आणायचं, तेच तर आपण टाळतोय. टबातच द्या. हात घालण्याआधी कागदाच्या नळीने अंगाला हलकेच टेकवा, खाण्याची वेळ नाही हे तो आठवड्याभरात शिकतो.

---

खाडीपलीकडे
७ ऑगस्ट, दुपारी १२:१५

येऊर_पायथांचं पटलं, पण कागद अंथरलेला असेल तरच. कोकोपीटवर ओला उंदीर दिला की तोंडात काथ्याचे तुकडे जातात. तिथे वेगळा डबा किंवा निदान खाली एक बशी हवी. वाद इथेच संपवू.

पुढच्या वर्षभराचा अंदाज यावा म्हणून साधारण टप्पे देतो, प्रत्येक वेळी काट्यावर तोलून. साप १५ ग्रॅमपर्यंत असेल तर एक पिंकी, दीड-दोन ग्रॅमची, दर पाच दिवसांनी. १५ ते ३० ला मोठी पिंकी, ३ ग्रॅमची. ३० ते ५० ला फझी, ४ ते ६ ग्रॅम, सहा-सात दिवसांनी. ५० ते ९० ला हॉपर, ७ ते १२ ग्रॅम, आठवड्याने. ९० ते १७० ला आईचं दूध सुटलेला उंदीर, साधारण १५ ग्रॅमचा, आठ-दहा दिवसांनी. त्यापुढे पूर्ण वाढलेला पांढरा उंदीर, २० ते ३० ग्रॅम, आणि मोठा झाला की १४ दिवसांतून एकदाच. पाकिटावर काय लिहिलंय ते बघत बसू नका. एका विक्रेत्याची फझी दुसऱ्याचा हॉपर निघते.

इथे सगळे न खाण्याचीच चिंता करतात, पण फ्लॅटमध्ये वाढलेले बरेच मोठे कॉर्न स्नेक लठ्ठ असतात. धडधाकट सापाचं अंग कापल्यासारखं डोळ्यांसमोर आणा: तळ सपाट, वर गोलसर, पावाच्या लादीतल्या एका पावासारखं. नुसतं गोल नळकांडं झालं, शेपटीच्या सुरुवातीला गाठोडी दिसू लागली, साप वळला की खवल्यांमध्ये कातडी दिसू लागली, तर दोन आठवड्यांचं अंतर तीन आठवडे करा. उलट पाठीचा कणा धारेसारखा वर आला तर कमी पडतंय. वजन महिन्यातून एकदा, खाण्याआधी. रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य करा, मग साप.

मोठ्या नराला फेब्रुवारी-मार्चनंतर प्रजननाचं वेड लागतं, महिना-दोन महिने खात नाही, टबात येरझाऱ्या घालतो. वजन टिकून असेल तर खुशाल घालू द्या. एप्रिल-मेमध्ये मात्र उलटीचं उलट कारण असतं. बंद खोली दुपारी ३५ च्या वर गेली की साप खात नाही, खाल्लेलं टाकतो, आणि फार वेळ राहिला तर मरतो. मॅट बंद, पंखा चालू, टबात ओल्या मॉसचा (शेवाळाचा) डबा. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून कापडात गुंडाळून टबाच्या बाहेरच्या भिंतीला टेकवता येतात.

डॉक्टरकडे कधी, तेही लिहून ठेवा. लहान खाणंही परत बाहेर आलं. वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे. किंवा अंगाच्या मध्यावर पोटापाशी न जाणारी टणक सूज. शेवटच्यात क्रिप्टोस्पोरिडियम (पोटात वाढणारा सूक्ष्म परजीवी) असू शकतो, तो शी किंवा उलटीच्या नमुन्यात तपासतात, म्हणून पुढच्या वेळी नमुना झिप पिशवीत, वेगळ्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी न्या. सरपटणारे प्राणी बघतात का हे फोनवर आधी विचारा, सगळे बघत नाहीत.

---

घोडबंदर_९५
९ ऑगस्ट, सकाळी ८:०५

धुतलेली पिंकी, आइस्क्रीमचा डबा, रात्रभर. सकाळी पिंकी गायब, पिल्लाच्या मध्यावर फुगवटा. आता दुसरी कधी?

---

येऊर_पायथा
९ ऑगस्ट, सकाळी ८:४०

१४ ला. पुढची तीन खाणी तशीच धुऊन, त्याच डब्यात. चौथ्याला न धुता द्या. आणि आज फोटोसाठी बाहेर काढू नका.

---

खारघर_नवखा
९ ऑगस्ट, रात्री ९:५०

थर्मोस्टॅट बसला. उबदार टोक तळाला २९.४, थंड टोक २५.१, टब हॉलमध्ये टेबलावर. पोटावर भाजल्याचं काही दिसत नाही. वर्तमानपत्र घातलंय. तासाभरात करवंटीत गेला आणि तिथेच आहे. वजन ३० ग्रॅम.

म्हणजे १० दिवस धरले तर १६ ऑगस्टनंतर, १७ ला नागपंचमी, त्याच दिवशी उपास सोडवतो. बेत असा: ३० ग्रॅमचे १५ टक्के म्हणजे साडेचार ग्रॅम, म्हणून दोन पिंकी. २४ ला एक फझी, आणि मग नेहमीचं. तोपर्यंत दर दोन दिवसांनी वजन करतो. बरोबर?

---

कातीचा_हिशेब
१० ऑगस्ट, सकाळी ७:१५

तारीख बरोबर, बाकी कमी करा. १७ ला पिंकी एकच, दोन ग्रॅमची. १५ टक्के हे निरोगी पोटाचं वरचं टोक, उलटीनंतर निम्म्याहून खाली सुरू करायचं. २५ ला परत एकच पिंकी. २ सप्टेंबरला मोठी पिंकी, ३ ग्रॅमची. तिन्ही खाणी पोटात राहिली आणि मधे कागदावर तपकिरी शी आणि पांढरा खडूसारखा भाग दिसला, तर १० सप्टेंबरला ४ ग्रॅमची फझी. हॉपरचं नाव साप ५० ग्रॅमचा झाल्यावर.

दर दोन दिवसांनी वजन नको. १६ ला एकदा करा, मग थेट २४ ला. आणि १७ ते २० घरी कितीही पाहुणे आले तरी टबाचं झाकण फक्त पाणी बदलायला उघडायचं, आणि उघडलं की परत क्लिप लावायची. ३० ग्रॅमचा साप बोटभर फटीतून जातो.